ओल्या स्पंजाखालचा ब्रॉडी

मैत्रीण ट्रिशने मला सांगितलं होतं. "ग्लेनिसने इन्सुलिन बंद केलंय म्हणे. तू शेजारीच आहेस, जरा डोकाव ना." मी माझ्या छोट्या टिलीचं नाक पुसत "हो हो" म्हटलं. मुलगा समुद्रात बुडून गेल्यापासून ग्लेनिस पहिल्यांदाच गुणगुणत कपडे वाळत घालत होती. कशाला मध्ये पडा, असं वाटलं.

तिच्या गुणगुणण्याचं कारण सगळ्या गावाने पाहिलं होतं. होबार्ट शहरातून आलेल्या, मृतांशी बोलतो म्हणणाऱ्या एलिस व्हार्नी नावाच्या माणसाने बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये कोरा पांढरा कॅनव्हास उभा केला, त्यावर ओला स्पंज फिरवला, आणि त्यातून ग्लेनिसचा बुडालेला ब्रॉडी वर आला. आधी भुवया, मग ते वाकडं हसू. लोक खुर्च्यांवर चढले. व्हार्नीने डोळे मिटून ब्रश उचलला आणि केसांवर चार फटकारे मारले.

"हात माझा, इच्छा त्याची! बोट लावून बघा मंडळी, परलोकातला रंग अजून ओला आहे!"

बाहेर सॉसेज भाजणारा केविन चिमटा हातात घेऊनच पुढे आला. "आयला, खराच रंग आहे!"

पण वाळता वाळता चेहऱ्यावर धुकं चढलं. व्हार्नी हळहळला. "ग्लेनिस, तुझ्या अंगात औषधंच औषधं. बिचारा वाट कुठून काढणार?"

पुढच्या शनिवारी पुन्हा हॉल भरला. "सोडलीस?" त्याने विचारलं. ग्लेनिसने होकाराची मान हलवली. पुन्हा स्पंज फिरला, आणि ब्रॉडी लख्ख झाला. टाळ्यांचा कडकडाट. मी टाळ्या वाजवत नव्हते. टिली दिसत नव्हती.

ती कॅनव्हासच्या खाली बसून काहीतरी चघळत होती. तोंडात बोट घालून मी ते बाहेर काढलं. खोडरबराचा चुरा निघतो ना, तशा ओल्या पांढऱ्या वळ्या. कागद.

"बाळाला बाजूला घ्या," व्हार्नी म्हणाला. "तिथे आत्म्याची ऊर्जा सांडलीय."

"थोडी गिळली तिने," मी म्हटलं.

ग्लेनिसला तिथेच सांगितलं, इन्सुलिन घे. ती हसली. "घेतलं की तो पुसट होतो, पोरी."

घरी आले. त्या वळ्यांवरून अंदाज बांधला आणि फेसबुकवरचा ब्रॉडीचा फोटो उलटा करून साध्या कागदावर छापला. चित्रकार वापरतात तो पारदर्शक लेप कॅनव्हासवर जाड थापला आणि कागद पालथा चिकटवला. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर वर फक्त कागदाची पाठ. पांढरी, कोरी.

तो घेऊन ग्लेनिसकडे गेले. ती टेबलाशी बसली होती, समोर पाण्याचे रिकामे जग. श्वासाला अतिपिकलेल्या सफरचंदांचा वास, साखर बेसुमार चढल्याची खूण. मी आधी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला.

"मी नाही जायची," ती जड जिभेने म्हणाली. "या शनिवारी तो बोलणार आहे."

मी कॅनव्हास तिच्यापुढे ठेवला आणि ओला स्पंज घासला. कागदाच्या वळ्या सुटत गेल्या. शाई लेपात अडकली होती. भुवया आल्या, वाकडं हसू आलं.

"वाळला की उरलेले कागदाचे धागे पांढरे दिसतात. तेच धुकं. ओला केला की परत स्वच्छ. तुझ्या औषधाचा संबंध नाही, ग्लेनिस. वरचा रंग दुकानातला."

तिने माझ्या हातून स्पंज घेतला आणि स्वतः घासू लागली. थांबेचना. ब्रॉडीचं नाकच घासून निघालं. ती बोटांवरच्या वळ्यांकडे बघत राहिली.

"म्हणजे हा तो नव्हता?"

"कागद होता."

दारात अ‍ॅम्ब्युलन्सवाले उभे होते. तिने बाही वर केली आणि हात पुढे धरला.

ती वाचली. माझ्याशी बोलत नाही. हॉलमध्ये मी हाच प्रयोग सगळ्यांसमोर केला, तोवर व्हार्नी गाव सोडून गेला होता. केविनने पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचं मला काहीच वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

एवढंच सांगते. औषध सोडायला सांगणारा माणूस कुणाचाही चेहरा दाखवो, आधी त्याचा कॅनव्हास नखाने खरवडून बघा. आणि तुमच्या कुंपणापलीकडे कुणी औषधं सोडून अचानक खुशीत असेल, तर हे वाचायचं थांबवा आणि जाऊन त्याचं दार वाजवा. "हो हो" म्हणू नका.