चार नंबरचा निळा

संगणकावरच्या टर्मिनलच्या रंगांची यादी शून्यापासून सुरू होते आणि चार नंबरला निळा येतो. काळ्या पडद्यावर तो इतका गडद, की फोल्डरची नावं आहेत की नाहीत, कळत नाही. मावशी रोज सकाळी पर्स खुंटीला अडकवण्याआधी सेटिंग उघडायच्या, बाकी पंधरा रंगांना हातही न लावता चार नंबरच्या चौकोनात उजळ निळ्याचा सहा अक्षरी कोड टाकायच्या. निळा उजळायचा, नावं दिसायची.

हे रोज करावं लागे, कारण नव्या साहेबांचा फतवा होता: सगळ्यांचे पडदे एकसारखे. संगणक चालू झाला की ऑफिसचेच रंग परत. कुणालाही कुणाच्याही खुर्चीत बसता आलं पाहिजे, हे साहेबांचं म्हणणं तसं चुकीचं नव्हतं. पण हॉस्पिटलचे तपासणी रिपोर्ट सांभाळणाऱ्या त्या खुर्चीत एकोणीस वर्षं मावशीच बसत होत्या.

शनिवारी साहेब पाठीशी येऊन उभे राहिले.

"मावशी, पुन्हा रंग बदललात?"

"बदलला. मूळचा मला दिसत नाही."

"डोळ्यांना झेपत नसेल तर फायलींच्या खोलीत जागा आहे. सोमवारपासून तिकडे बसा."

फायलींची खोली म्हणजे कायमचं घरी जाण्याआधीचा थांबा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मावशींना राग आला.

"बसते की. आधी आजचं काम उरकू," त्या म्हणाल्या आणि साहेबांच्या देखत निळा मूळचा करून टाकला.

दर शनिवारी संगणकातली जुनी माहिती पुसायची. रीत ठरलेली: एकाने पडद्यावरची यादी मोठ्याने वाचायची, मगच दुसऱ्याने एंटर दाबायचं.

"मी तर आंधळी. तुम्हीच वाचा."

साहेबांनी ताठ मानेनं पांढऱ्या अक्षरांतली फायलींची सात नावं खडाखडा वाचली. "झालं. दाबा."

मावशींनी हात मांडीवर ठेवले. "आठवं?"

"आठवं कुठंय?"

"तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे."

साहेब वाकले. चष्मा वर केला, खाली केला. नाक पडद्याला टेकायचं तेवढं राहिलं. तिथे गडद निळ्यात एक फोल्डर होता, चुकून पुसायच्या यादीत पडलेला. या महिन्याचे रिपोर्ट.

"सकाळी माझ्या रंगात दिसला होता," मावशी म्हणाल्या. "मला हलवायचं तर हलवा. पण लेखी द्या, आणि कारणही लिहा: हिनं निळा उजळ केला."

साहेब केबिनमध्ये गेले.

सोमवारी मावशी त्याच खुर्चीत बसल्या. लेखी काही आलं नव्हतं. फतवाही मागे घेतलेला नव्हता. पडद्यावर निळा गडदच होता. त्यांनी सेटिंग उघडलं.

"मावशी, तुमचा कोड काय हो?" शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्यानं हळूच विचारलं. "खरं सांगू? मीही अंदाजानेच वाचत होतो."

मावशींनी हळू आवाजात सांगितलं नाही. सहाही अक्षरं त्यांनी सुटी सुटी, पार केबिनपर्यंत पोहोचतील अशी म्हटली. चार-पाच टेबलांवर बटणं वाजली.

केबिनचं दार अर्धवट उघडलं.

"शेवटची दोन परत सांगा," साहेब म्हणाले.