पेपरातलं वाक्य

अक्षतांचे पाच-सात दाणे वाटीच्या तळाला चिकटून बसले होते, कुंकू सुकून काळपट झालं होतं, आणि विमला ते नखानं एकेक सुटे करत होती... अकरा वाजून गेले तरी धनलक्ष्मी वर आली नव्हती. चातुर्मासात रोज एक कहाणी सांगितल्याशिवाय विमला अन्नाला शिवत नसे, आणि कहाणी सांगायची तर समोर कुणीतरी मुठीत अक्षता धरून बसायला हवं, हुंकार द्यायला हवा. कन्नड मुलखात, चामराजपेटेतल्या या घरात बारा वर्षं खालच्या मजल्यावरची धनलक्ष्मीच ते करत आली होती. मराठी तिला स्वल्पच कळे, दोघींचं बोलणं कन्नडातच चाले, पण कहाणीत नेमक्या जागी ती 'हूं' म्हणे.

"मला सांग की," नवरा, मधुकर, पेपरामागून म्हणाला. "तीस वर्षं हुंकारच देतोय."

ती नुसती हसली. पेपर वाचता वाचता दिलेला हुंकार देवाला कसा चालेल?

आणि पेपर तर तिच्याच डोक्यात तीन दिवस वाजत होता. सीमेवर कुणी एका बसगाडीला काळं फासलं, मग पलीकडच्यांनी अलीकडच्या बसला. मोबाइलवरचा मराठी पेपर म्हणे, सीमाभाग ही देशाच्या अंगावरची भळभळती जखम. दारात पडणारा कन्नड पेपर म्हणे, पाहुण्यांनी घर आपलं म्हणू नये. आणि दोघेही शेवटी एकाच ओळीवर येत — देश म्हणजे एक देह. सीमाभागातच, निपाणीला जन्मलेल्या विमलाला वाचताना वाटे, म्हणजे मी नेमकी कोण... जखम, की तिच्यावरची खपली? जखमेला निदान औषध लावतात. खपली तर कुणीही बसल्या बसल्या खरवडतं.

काल कहाणी झाल्यावर धनलक्ष्मी सहज म्हणाली होती, "तुमच्या लोकांनी आमची बस रंगवली म्हणे, अक्का." चेष्टेतच, तोंडात प्रसादाची खडीसाखर होती. पण 'तुमचे लोक' — बारा वर्षांत पहिल्यांदा. आणि विमला, जिनं चेष्टेला चेष्टेनंच उत्तर द्यायचं, ती म्हणून गेली, "एका देहाचे अवयव आपण. एकाला लागलं की सगळ्या अंगाला कळ येते."

धनलक्ष्मीनं खडीसाखर कडकन फोडली. "हे तू नाही बोललीस, अक्का. पेपर बोलला."

अक्षता देवासमोर ठेवून ती उठली. 'उद्या येते' म्हणाली नाही. रोज म्हणत असे का? विमलाला काही केल्या आठवेना.

साडेबाराला ती वाटी घेऊन जिना उतरली. दार उघडंच होतं. धनलक्ष्मी स्टुलावर पाय टाकून, गुडघ्याला एरंडाचं पान बांधून बसली होती.

"जिना चढवेना," ती म्हणाली. "हाक मारणार होते, म्हटलं तू पूजेत असशील. उपाशीच ना अजून, वेडी? सांग लवकर."

विमलानं गुडघ्याखाली हात लावला. तट्ट फुगलेलं, गरम. बोट दाबलं तिथं खळगा पडला आणि सावकाश भरून आला. एवढं सरळ कारण होतं... तिनं अक्षता मुठीत दिल्या, आटपाट नगर सुरू केलं. राजाला दोन राण्या, एक आवडती, एक नावडती. "हूं." नावडतीला राहायला गोठा — आणि ती तिथंच थांबली. इतकी वर्षं हे आपण हिच्यासमोर किती बिनघोर म्हणत आलो. ऐकताना हिनं गोठ्यात कुणाला पाहिलं असेल, स्वतःला की मला?

"थांबलीस का? सरी, बरं, पुढे."

ती पुढे सांगू लागली. तोंड सवयीनं चाललं होतं, कान मात्र त्या हुंकाराकडे — उशिरा आला का, आखूड होता का, गुडघा ठणकतो म्हणून, की... नावडती देवळाच्या पायरीशी पोचली होती, पोटात भूक खवळली होती, आणि तरी विमलाला वाटत होतं, कहाणी एवढ्यात संपू नये; संपली की दोघींना आपापलं काहीतरी बोलावं लागेल.