काळ्या पट्टीखालचा सूर

मित्रांनो, मेडशीच्या जगदेवरावांच्या घरातला मी एक जुना बाजा आहे. भजनातला नव्हे, लेकरांच्या खेळण्यातला, सेलवर चालणारा. मुंबईच्या एका कारखान्यात माझ्या पोटात छोटा पंखा बसवला. खटका ओढला की तो घरघरतो आणि पांढरी पट्टी दाबली की सूर निघतो. काळ्या पट्ट्या मात्र नुसत्या वरून चिकटवलेल्या. मी खऱ्या पेटीसारखा दिसावा म्हणून.

शहात्तर सालच्या श्रावणात जगदेवरावांनी मला त्यांच्या धाकटीसाठी, फुलासाठी, आणले. फुला मन लावून शिकली. घरात तिची केशरआत्या होती. देवळातल्या भजनाला बसून बसून आत्याचा कान पक्का झालेला. ती तुळशीपुढची आरती गुणगुणायची आणि फुला ती माझ्यावर शोधायची.

एका जागी सूर अडायचा. तो काळ्या पट्टीचा होता. फुलाने ती दाबली, जोर लावून दाबली. मी गप्प. तिला वाटले, आपल्याच हाताने मोडली. बाबा रागावतील म्हणून तिने कोणाला सांगितले नाही. शेजारची पांढरी दाबून ती तशीच पुढे जाऊ लागली.

आत्याचे चातुर्मासाचे नेम होते. दिवसातून एकदाच जेवायचे, आणि तेही मुक्याने. जेवताना शब्द निघाला तर पानावरून उठायचे, मग दुसऱ्या दिवसापर्यंत नुसते पाणी.

त्या दुपारी आत्या जेवायला बसली आणि ओसरीत फुला वाजवू लागली. सूर चुकला. आत्याने मान हलवली. पुन्हा तोच चुकला. आत्याने हाताने खूण केली. फुलाने खाली मान घालून परत तेच वाजवले आणि आत्याच्या तोंडून निघून गेले, "काळी दाब नं वं, काळी. कायले छळून राह्यली मले?"

मग तिच्या ध्यानात आले. हातातला घास तिने खाली ठेवला, ताटाला नमस्कार केला आणि ती उठली.

"बाई, पोरीच्या पायी उपाशी राह्यता का?" फुलाची आई ललिताबाई म्हणाली. "देवाले काय समजत नाही?"

"देवाले समजते वं ललिते. मलेच नाही समजलं."

फुला रडू लागली. "आत्या, काळी म्या मोडली. कोनालेच सांगतलं नाही."

आत्या माझ्याजवळ टेकली. तिने काळ्या पट्टीची कड नखाने उचलली. खाली सपाट पत्रा.

"अवं, हे तं जन्माचीच मुकी हाये," ती हळूच म्हणाली. "अन् राग म्या तुह्यावर काढला."

मला बोलता आले असते तर मी तेव्हाच सांगितले असते, दोष तुम्हा दोघींचा नाही. नसलेल्या सुराचा तोरा मी मिरवला. त्यापायी एक बाई उपाशी राहिली आणि एक लेकरू आतल्या आत झुरले.

दुसऱ्या दिवशी फुला मला मांडीवर घेऊन बसली, खटका न ओढता. आत्याचे जेवण झाले. चूळ भरून, पदराला हात पुसत ती शेजारी आली.

"हं, वाजव आता. तुह्या बाजाले येत नाही, तेवढं मी म्हनीन."

काळ्या पट्टीशी येताच फुलाने बोट उचलले, आणि आत्याच्या गळ्यातून तो सूर आला.

आता माझा पंखा फिरत नाही. पण मित्रांनो, तुमच्या हातात एखादी वस्तू गप्प झाली तर ते मनात दडवू नका. मोठ्यांना लगेच सांगा. कदाचित ती तुम्ही मोडलेलीच नसेल.