मंगळवारची गाठ

शिट्टीसर निवृत्त झाले होते, त्यांची शिट्टी मात्र झाली नव्हती. शाळेत जन्मभर कवायत शिकवून झाल्यावर त्यांना आंतरराष्ट्रीय स्काउट शिबिराचं कार्यक्रमप्रमुखपद मिळालं आणि देशोदेशीच्या मुलांचे दिवस भरले. अगदी गच्च भरले. पहाटे व्यायाम, मग तंबूंची तपासणी, नकाशावाचन, बांबूचा पूल, प्रथमोपचार, शेकोटीची गाणी. मध्ये कुणाला तहान लागलीच, तर तिचीही सोय होती: ‘जलपान, रांगेत’. मोकळा वेळ हा शब्द काढला की सरांच्या कपाळाला आठी पडायची. मोकळ्या वेळात मुलं हरवतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

स्वतःची मुलगी त्यांनी भरगच्च वेळातच हरवली होती. हे त्यांना तोंडावर सांगणारी एकटी तीच, आणि ती लग्न होऊन परदेशी गेली. त्या लग्नाचाही सरांनी कार्यक्रम आखला होता. फोटोवाला रेंगाळला, तेव्हा त्यांनी नवरा-नवरीच्या कानाशी शिट्टी फुंकली. “बाबा, माझ्यासाठी तुमच्याकडे कायम वेळापत्रक होतं, वेळ कधीच नव्हता,” असं म्हणून ती गाडीत बसली. तेव्हापासून तिचा फोन आला आणि सरांनी उचलला, की पलीकडून दोनच शब्द यायचे. “आईला द्या.”

आता तीच तिकडच्या मुलांचं पथक घेऊन शिबिराला आली होती. रोज सकाळी झेंड्यापाशी ती सरांना सलाम करायची, सर तिला करायचे, आणि दोघं आपापल्या वाटेने जायचे.

“आपणहून बोला की तिच्याशी,” बायको फोनवर म्हणाली.

“तिने एकदा विचारू दे. मी काय नाही म्हणणार आहे?”

म्हणाले खरं, पण बुधवारी तिचं पथक परत जाणार होतं, आणि ती विचारेल की नाही या काळजीने सरांना घास गोड लागत नव्हता.

सोमवारी ते मैदानावरून आले, तर कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, “सर, त्या परवा निघणाऱ्या पथकाच्या प्रमुख येऊन गेल्या. उद्या दुपारी गाठ होईल का, विचारत होत्या. तासभर पुरे म्हणाल्या.”

सरांच्या हातातली पेन्सिल थांबली. “गाठ? आणखी काही?”

“नाही, एवढंच.”

दिवसभर पथकप्रमुख येऊन काही ना काही मागतच असत. कुणाला होडी हवी, कुणाला शिडी. पण पोटची पोर इतक्या वर्षांनी दारात येते आणि मागते काय, तर दोरीच्या गाठीचा तास! सरांना फार वाईट वाटलं. तरी त्यांनी ‘होईल’ असा निरोप धाडला, जलपान कापून जागा केली आणि कोठीतले सगळ्यात चांगले दोर काढायला लावले. दोर वाया जायला नकोत म्हणून आणखी चार पथकांनाही बोलावून घेतलं.

मंगळवारी दुपारी मुलगी आली ती एकटीच. हातात थर्मास आणि दोन कप होते. समोर मुलं रांगा धरून, दोर घेऊन उभी होती.

“तुझं पथक कुठंय?” सरांनी विचारलं.

“पथक कशाला?”

“गाठी शिकायला.”

तिने दोरांकडे बघितलं, मुलांकडे बघितलं, मग सरांच्या गळ्यातल्या शिट्टीकडे.

“बाबा, मी तुमची गाठ म्हटलं होतं.”

सरांच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत मुलांनी पहिली गाठ बांधून वर धरली. चांगली बांधली होती.

“असू दे. तुमचं चालू द्या,” ती म्हणाली आणि वळून चालायला लागली.

सरांनी शिट्टी फुंकली. जुन्या सवयीने ती जागीच थांबली.

“मोकळा वेळ!” सर ओरडले.

मुलांना सरांचं बोलणं सांगणारा दुभाषा गोंधळला. “म्हणजे कशाचा सराव, सर?”

“कशाचाच नाही.”

दुभाष्याने तसं सांगितलं. कुणी हललं नाही.

“कुठे जायचं, असं विचारतायत.”

“जा म्हणावं कुठेही!”

मुलं बिचकत पांगली. बापलेक झाडाखाली बसले. तिने कप भरले. सरांची नजर मनगटावर गेली, तसा तिने डावा हात पुढे केला. स्काउट डावा हात मिळवतात, हे तिला सरांनीच शिकवलं होतं. त्यांनी आपला हात तिच्या हातात दिला. तिने त्यावरचं घड्याळ काढलं आणि खिशात टाकलं.

“आता बोला.”

सरांनी बोलायला तोंड उघडलं, तर शिट्टी वाजली. सवयीने ती पुन्हा कधी दातांत गेली, त्यांनाही कळलं नव्हतं. मैदानभरची मुलं धावत येऊन पुन्हा रांगेत उभी राहिली, आणि दुभाषा त्यांना हाकलायला पळाला.

“हीपण घे,” सर म्हणाले. त्यांना शिट्टी गळ्यातून काढायची होती, पण दोरी डोक्यावरून निघेना. गाठ जुनी, घामापाण्याने घट्ट बसलेली.

“हलू नका,” ती म्हणाली आणि कप खाली ठेवून नखांनी गाठ सोडवायला लागली.

तासभर लागला. सरांनी एकदाही घाई केली नाही.