फुटायचं तर इथंच फुटा

भट्टी उघडल्यावर

भट्टीतून निघालेलं मडकं आधी बोटाच्या पेरानं वाजवून बघावं. खणखणीत वाजलं तर पक्कं, भद्द वाजलं तर आत तडा. पण वाजवून सगळंच कळतं असं नाही. काही मडकी खणखणीत वाजतात, गिऱ्हाइकाच्या कडेवर बसून घरी जातात, देवळीत गुमान राहतात आणि मग एका सकाळी, कुणी हातही लावलेला नसताना, त्यांच्या अंगावरची खपली टचकन उडते.

भागूबाईच्या घरी तशी उडाली.

पदर खोचून ती जी निघाली ती थेट पडेगावच्या टोकाला, आवडाच्या पत्र्याच्या शेडसमोर येऊन उभी राहिली. हातात केळी होती. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखितीला, घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावानं पाणी भरून दोन लहान मडकी पुजतात. करा पुरुषांचा, केळी बायांची. भागूबाईनं यंदा घाईनं आधीच नेऊन ठेवली होती. केळीच्या पोटाला रुपयाएवढा खड्डा पडला होता.

"आवडे, हे काय गं? माझी सासू जिती होती तवा माझ्यावर टपून होती. आता मेल्यावर माझी मडकी फोडायली व्हय?"

"द्या इकडं, बघते."

"बघते काय! लोक काय म्हणायलेत ते बघ. चाकावर बाई बसली म्हणून पितर कोपले म्हणं."

"आणि तुम्ही काय म्हणायल्या?"

"मी काय म्हणणार? मला तर मडकं पाहिजे. पण लोक म्हणायलेत."

दुपारपर्यंत आणखी घरांतून मडकी परत आली. सगळ्यांच्या अंगाला तसेच खड्डे, देवी येऊन गेल्यासारखे.

चाक निवडताना

नव्यानं काम सुरू करणाऱ्यानं जुनं विजेचं चाक घ्यायला हरकत नाही. मोटर लवकर तापते का, पट्टा घसरतो का, आणि गोळ्यावर दोन्ही हातांचा भार टाकला की चाक मलूल पडतं का, एवढं दुकानातच बघून घ्यावं. आवडानं बघून घेतलं होतं. औरंगपुऱ्यात मोटरी बांधून देणाऱ्या कमरोद्दीनकडं शहरातल्या एका बंद पडलेल्या छंदवर्गाचं सामान आलं होतं, त्यातलं ते चाक आणि सोबतची कपाटाएवढी विजेची भट्टी.

घेतलं खरं, पण त्यावर बसायचं कुणी?

कुंभाराच्या घरात बाईनं माती तुडवावी, चाळावी, मडकं थापावं, रंगवावं, डोक्यावर घेऊन बाजारात विकावं. चाकावर मात्र बसू नये. आवडाचा नवरा पुंजाराम चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला तसा घरातला एक हात कमी झाला. दगडी चाकावर एकटा दीर बन्सी, आणि आखितीला गिऱ्हाइकांची रांग. तेव्हा सासऱ्यानं, रामकिसननं, विडी विझवून निवाडा दिला होता.

"चाक म्हणजे दगडाचं. खुंटीवर फिरतं, काठीनं फिरवतात, त्याला हळदकुंकू लागतं. हे मशीन आहे. याला बटन आहे. पिठाच्या गिरणीवर बाई बसत नाय का? बस."

निवाडा सोयीचा होता म्हणून धर्माचा ठरला. आवडा बसली. हात मातीला आणि माती हाताला अशी काही ओळखीची निघाली की पहिल्या महिन्यातच तिचे करे बन्सीच्या कऱ्यांशेजारी ठेवले तर गिऱ्हाईक कुठलाही उचलायचं.

आणि आता तोच रामकिसन अंगणात परत आलेल्या मडक्यांचा ढीग बघत उभा होता.

"मशीन कमरोद्दीनला परत," तो म्हणाला. "तुझी वाळलेली मडकी सगळी उकिरड्यावर टाक. आखितीपर्यंत बन्सी करील काय व्हईल ते. तू मातीकडं बघ."

"मामा, मशीन हाय ना? चाक नाय ना?"

"फिरतं ते चाकच."

"तवा नव्हतं."

"तवा फुटत नव्हतं!"

खपली उडते तेव्हा

खड्ड्याच्या तळाशी बघावं. कोप बघू नये.

आवडानं भागूबाईची केळी उन्हात धरली. खड्ड्याच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता. नखानं टोकरला तर पीठ. दुसरं मडकं, तिसरं मडकं. सगळीकडं तोच दाणा. तिनं ते पीठ जिभेवर ठेवलं आणि पटकन थुंकलं. पानाला लावतात तो चुना.

मातीत चुनखडीचा खडा राहिला की असं होतं. भट्टीत तो खडा भाजून कळीचा चुना होतो. मग बाहेरची ओल पीत पीत फुगतो आणि वरची भाजलेली माती ढकलून देतो. मडकं घडवणारा पुरुष की बाई, हे त्याला कळत नाही. खात्री करायची तर कच्च्या मातीवर फरशी धुवायच्या ॲसिडचे थेंब टाकावेत. आवडानं टाकले. माती सोड्याच्या बाटलीसारखी फसफसली.

"भावजी, यंदाची माती कुठली?"

बन्सी गोळा मळता मळता थांबला. "नेहमीचीच."

"तळ्याकाठची? तिथं तर प्लॉटिंगवाल्यानं तारेचं कुंपण घातलंय."

"मग काय करू? विहीर खोदायली होती एका जागी. टेम्पो भरून फुकट दिली. काळीभोर होती वैनी, लोण्यावाणी."

"आणि त्यातले पांढरे खडे?"

"मोठे मोठे येचले की."

"आणि बारीक?"

बन्सीनं गोळ्यावर अशी थाप मारली की उत्तर त्यातच आलं. वरच्या मातीत नसते तेवढी चुनखडी विहिरीच्या खोलातल्या मातीत असते. पण फुकटचा टेम्पो दारात उभा राहिला म्हणजे कोण चाखून बघतो?

तळाशी बोट घालून

लहान मडकी थापत नाहीत. त्यामुळं घडवणाऱ्याच्या बोटाची वेटोळी आत तळाला तशीच राहते. दगडी चाक फिरतं ते घड्याळाच्या काट्यासारखं. कमरोद्दीनचं मशीन फिरतं उलटं. म्हणजे वेटोळीही उलटी.

आवडानं परत आलेलं एकेक मडकं उचललं, आत बोट घातलं आणि अंगणात दोन ढीग केले. रामकिसन खाटेवरून बघत होता.

"काय चाललंय?"

"वाटणी. हा माझा. हा भावजींचा."

दोन्ही ढीग सारखेच होते. उलट बन्सीचाच जरा फुगीर.

रामकिसन उठून आला. त्यानंही बोट घातलं. त्या बोटाला हे आवडाच्या आधीपासून ठाऊक होतं. मग मडकं खाली ठेवून म्हणाला,

"तूच बघ. एका छपराखाली दोन चाकं फिरायली. तुझ्यामुळं त्याचंबी नासलं."

आवडाला हसू आलं. तोंडावर पदर धरायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

"मामा, तुमचं बरंय. फुटलं तर बाईमुळं, टिकलं तर बन्सीमुळं."

"उद्या कमरोद्दीन येतोय."

"येऊ द्या."

कॉइल जोडताना

तारेची वेटोळी सगळीकडं सारखी ताणावी. दोन वेढे एकमेकांना चिकटले की तिथंच जळतात. खोबणीत मातीचा कण राहू देऊ नये.

हे कमरोद्दीन सांगत होता, आणि सांगता सांगता स्वतःवरच वैतागत होता.

"आवडाबाई, मैं मशीन न्यायला आलो होतो."

"न्या की. आधी भट्टी चालू करून द्या, कॉइल जळलीय. विकतानी म्हणला होता, कॉइल गेली तर मी बसलोय."

"दुकान में बसलोय, म्हणलो होतो!"

"मग आता इथं बसा, चहा ठेवते."

त्यानं कॉइल जोडली, चहा घेतला, आणि रिकाम्या टेम्पोकडं बघून म्हणाला, "तुमच्या सासऱ्याला काय सांगू?"

"सांगा, बाईनं मशीन दिलं नाय."

"मेरेकू शिव्या देंगे वो."

"मला रोज देतात. एक दिवस तुम्ही घ्या."

उकिरड्यावर टाकायला सांगितलेली वाळलेली मडकी तिनं एकावर एक भट्टीत रचली. मडकं गालाला लावून थंड लागलं तर आत अजून ओल आहे. तसं मडकं भरू नये, वाफ धरून ते फुटतं. तिनं प्रत्येक मडकं गालाला लावलं. भट्टी सुरुवातीला मंद ठेवली, झाकण बोटभर उघडं, फटीशी धरलेल्या आरशावर वाफ धरायची थांबेपर्यंत. मग झाकण लावलं आणि बटण पुढं ढकललं.

माती तीच होती. चुनखडी तीच. चाळून घ्यायला वेळ उरलेला नव्हता. उरला होता एकच उपाय, आणि तो ऐकून बन्सीसुद्धा म्हणाला होता, "वैनी, हे नको."

पाणी

चुनखडीची मडकी भट्टीतून काढल्यावर ओल पीत बसू देऊ नयेत. हाताला सोसेल इतकी कोमट झाली की पूर्ण बुडवावीत, रात्रभर. थोडं थोडं पाणी पिऊन चुना फुगतो. एकदम भरपूर मिळालं की तिथल्या तिथं विरघळून मऊ पडतो, आणि मडकं वाचतं. जे वाचणार नाही ते तेव्हाच जातं.

पण कुंभारवाड्याचा नेम असा, की आखितीच्या मडक्याला पहिलं पाणी पितरांचं. त्याआधी त्याला कुणी ओलं बोटसुद्धा लावत नाही.

भट्टी निवली त्या सकाळी आवडानं म्हशीच्या पाण्याची सिमेंटची टाकी घासूनपुसून भरली. बातमी चहाच्या आधी सगळीकडं पोचली होती. भागूबाई सगळ्यात पुढं. मागं बायका, कुंपणाला टेकलेले दोन-चार बाप्ये, आणि खाटेवर ताठ बसलेला रामकिसन.

"आवडा," तो म्हणाला, "त्या पाण्यात मडकं बुडालं तर ते मडकं मेलं. कुणी घेणार नाय."

"न बुडवता दिली, ती काय जगली?"

"पितरांच्या आधी पाणी देतीस?"

"पितरांच्या घरात फुटण्यापरीस इथं फुटंल." ती मडक्यांकडं वळली, पोरांना दटावावं तशी. "ऐका रे. फुटायचं तर इथंच फुटा. माझ्यासमोर. लोकांच्या देवघरात नाय."

आणि तिनं पहिली केळी पाण्यात सोडली.

बुडबुड बुडबुड आवाज करत ती खाली गेली. मग करा. मग दुसरी. टाकीभर बुडबुडे उठले. पाण्यात एक दबका टक्क झाला, बायकांच्या तोंडून एकदम "गं माय!" निघालं. पुन्हा टक्क. एका कऱ्याचा काठ सुटून वर तरंगल्यासारखा झाला आणि तळाला बसला.

"गेलं!" कुणीतरी म्हणालं.

"जाऊ द्या," आवडा म्हणाली.

दुसऱ्या सकाळी तीच माणसं तिथंच. आवडानं बाह्या सारून एकेक मडकं बाहेर काढलं. फुटलेली एका बाजूला टाकली, कुणाला न लपवता. पण राहिलेली ओली, लाल, सबंध होती, आणि खड्ड्यांच्या जागी आत मऊ पडलेला पांढरा ठिपका नुसता दिसत होता. नखानं निघत होता, खपली उडत नव्हती.

भागूबाईनं एक केळी उचलून पाठीपोटावरून हात फिरवला. "उन्हात ठेवली तर?"

"ठेवा. आठ दिस ठेवा. फुटली तर माझ्या दारात आणून आपटा."

"आणि लोक इचारतील, कुणाच्या हातची?"

"सांगा, आवडाच्या. मशीनवरची म्हणू नका. आवडाच्या हातची म्हणा."

"माझ्या सासूला हे चालणार नाय बघ," भागूबाई म्हणाली आणि केळी पदराखाली घेतली. "बरंच झालं."

बायका हसल्या. रामकिसन हसला नाही. जेवढी फुटली होती तेवढी भरून काढायची म्हणून आवडा मशीनवर जाऊन बसली, गोळा मधोमध आणला, अंगठा घातला. माती वर येत होती. आणि मशीनचा आवाज गळा दाबल्यासारखा बंद झाला.

रामकिसननं पिन उपसली होती. वायर हाताला गुंडाळून तो उभा होता.

"बास. मी दिलं होतं, मीच घेतलं."

हातातलं अर्धं मडकं कलंडलं. आवडानं ते चिमटीनं उचलून बाजूला ठेवलं. हात धुतले. सगळ्यांना वाटलं, ती घरात जाईल.

ती शेडच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेली. तिथं दगडी चाक होतं, बन्सीनं मळून ठेवलेला गोळा त्यावर तसाच. ती खाली बसली. काठी खाचेत घातली. पहिला झोका जड गेला, काठी निसटली. दुसऱ्यांदा तिनं खांदा लावला. दगड कुरकुरला, फिरला, आणि मग घरघरत असा सुटला की काठी बाजूला टाकावी लागली.

हे मशीन नव्हतं, आणि तसं म्हणायची सोय आता कुणालाच उरली नव्हती.

"ऊठ," रामकिसन म्हणाला. "आवडा, ऊठ तिथून."

"गोळा वर आलाय मामा. आत्ता उठले तर बसंल. थांबा."

आणि रामकिसन थांबला. वर येणाऱ्या गोळ्यावरचा हात कुंभार कधी ओढत नाही. चाक तिच्या सवयीच्या उलट दिशेनं फिरत होतं, तिची बोटं दोनदा अडखळली, कऱ्याची मान जरा वाकडी आली. तिनं दोऱ्यानं करा कापला आणि फळीवर ठेवला.

"भावजी, गोळा."

बन्सीच्या पायाशी मळलेले गोळे होते. त्यानं बापाकडं पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडं.

"नका देऊ," आवडा म्हणाली.

ती उठली, शेडभर चालत जाऊन तिनं गोळा घेतला. चाक रिकामंच फिरत होतं. जागा मोकळी होती. बन्सी तिथं बसू शकला असता, रामकिसनही. माणसं बघत राहिली. आवडा परत आली, लुगडं सावरून बसली, आणि मंद होत चाललेल्या दगडाला तिनं पुन्हा काठी लावली.