सहावर थांबलेली बोली

बन्सीधर वकील हरायला लागले की त्यांना कायदा आठवतो. त्या दिवशी क्लबच्या ढालीसाठीचा शेवटचा डाव वाटायच्या आधी ते म्हणाले, "वैनी, राग नका मानू. पण पत्ते चांगले आले की तुमच्या बांगड्या वाजायल्यात. दत्तरावांना बोली ऐकायची गरजच पडंना."

परभणीच्या आमच्या क्लबात ब्रिज खेळणारी मी एकटीच बाई. दत्तराव म्हणजे आमचे हे. पाटबंधारे खात्यात नोकरीला आणि पत्त्यांत माझे जोडीदार. दोन वर्षं आम्ही जिंकत होतो, ते माझ्या नेमक्या बोलीमुळे, असं मी समजत होते. बाहेर विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा निघायचा होता, जिंतूरची एसटी बंद होईल म्हणून सगळ्यांचीच चुळबूळ चालली होती. त्यात हे. माझं डोकंच फिरलं.

ब्रिजमध्ये किती हात करू त्याची बोली लावायची, तीखेरीज जोडीदाराशी अक्षर बोलायचं नसतं. डोळा, खोकला, काही चालत नाही. म्हणजे वकिलांनी मला चारचौघांत चोर ठरवलं होतं. मी एकेक करून हिरव्या बांगड्या उतरवल्या. मागे बसलेल्या मालनबाई, वकिलांच्या बायको, पुटपुटल्या, "अवं बाई, नवरा समोर बसलाय आन् मोकळे हात?" मी बांगड्या त्यांच्याच ओटीत ठेवल्या.

"राहू दे की," दत्तराव म्हणाले. त्यांचा चेहरा पार उतरला होता. अपशकुनाला भ्याले, असं मला वाटलं.

पत्ते वाटून झाले. ह्यांनी एक इस्पिकची बोली केली. मी तीन इस्पिक म्हटलं, म्हणजे हुकूम तोच ठेवा, माझ्याकडे भरपूर आहे. त्यांनी चार नो ट्रम्प, म्हणजे बिनहुकूम, म्हणून खेळाच्या ठरल्या रीतीने एक्के विचारले, मी पाच बदाम म्हणून दोन सांगितले. मग त्यांनी राजे विचारले. म्हणजे उरलेले दोन एक्के त्यांच्याकडे होतेच. मी सहा बदाम म्हणून दोन राजे सांगितले.

आता राहिला एकच प्रश्न, सहा की सात. सहा म्हणजे बारा हात, तेरातला एक गेला तरी भागतं. सात म्हटलं की तेराच्या तेरा हात करायचे, एक जरी गेला तरी सगळं बुडालं. पण एक्के आपले, राजे आपले आणि हुकूम भक्कम असला तर भ्यायचं कशाला? मोजून घ्यावं आणि बोलावं. मात्र विचारणाऱ्यानेच ठरवायचं, उत्तर देणाऱ्याने गप्प बसायचं. घरी तरी माझं काय वेगळं होतं?

ते पत्त्यांकडे बघत, मग माझ्या मनगटांकडे, परत पत्त्यांकडे. मी हात मांडीखाली दाबून धरले. घोषणा जवळ येत होत्या. पायाला मुंग्या आल्या, तरी मी पाय हलवला नाही. तीही खूण ठरली असती. सात म्हणा. ढाल गेली तरी चालेल, पण मी तोंडाने सांगितलंय त्यावर सात म्हणा.

"सहा इस्पिक," ते म्हणाले.

नियमाप्रमाणे मी माझे पत्ते टेबलावर उघडे मांडले, आता खेळायचं ह्यांनी एकट्यानेच. तेरा हात बसल्या बसल्या झाले.

"तेरा झाले की वो," वकील म्हणाले. "सात का न्हाई बोललात?"

"अंदाजच येईना," हे म्हणाले.

ढाल मिळायला सहा पुरले. टाळ्या झाल्या. वकिलांनी सगळ्यांसमोर हात जोडले, "चुकलं माझं, वैनी. बांगड्यांबिगर जिंकलात. माझा संशय फिटला." आणि नेमका तेव्हाच माझा सुरू झाला.

मालनबाईंनी परत दिलेल्या बांगड्या मी पर्समध्ये टाकल्या. मोर्चामुळे रिक्षा नव्हती, चालतच निघालो. ढाल ह्यांच्या काखेत.

"आज जीव टांगणीला लागला होता माझा," ते म्हणाले. "तू काईच सांगितलं न्हाईस."

मी रस्त्यातच थांबले. "तीनदा सांगितलं. तीन इस्पिक, पाच बदाम, सहा बदाम."

"ते बोलीतलं झालं गं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "खरं काय हाय ते कसं कळावं मला?"

दोन वर्षं मी समजत होते, की हा माणूस माझं ऐकतो.