झाकणावरचा संत

माझे सासरे गेन्चो वारले तेव्हा मागे उरल्या सासूबाई, आलुबुखारांची बाग आणि १९७४ सालची लाल फटफटी. बाग सासूबाईंची होती आणि सासूबाई आमच्या होत्या, त्यामुळे वाद फक्त फटफटीचा राहिला.

मी या गावात एकोणीस वर्षं घरजावई आहे आणि शाळेत इतिहास शिकवतो. या दोन्ही कारणांमुळे माझ्या मताला गावात किंमत नाही. तरी फटफटी मला हवी होती. अख्खा हिवाळा मी गोठ्यात बसून ती खोलली होती आणि पुन्हा जोडली होती, आणि जोडून झाल्यावर फक्त दोनच वॉशर उरले होते. शेजारच्या मिन्चोला मात्र तिचं नुसतं इंजिन हवं होतं, बटाटे उकरायच्या यंत्राला लावायला.

सासूबाईंनी निवाडा दिला. "संत गेओर्गीच्या सणाला हिला टेकडीवरच्या देवळात न्या. बत्तीस किलोमीटर. बारा वाजता पाद्री भाजलेल्या कोकरांना आशीर्वाद देतो, त्याच्या आत. वाटेत कितीही थांबा, पण ही ट्रेलरवर चढली की मिन्चोची."

मिन्चो लगेच म्हणाला, "मी मागून गाडी घेऊन येतो, नेद्याल्काताई. ट्रेलर लावूनच. तुम्ही माझ्याबरोबर बसा, कोकराचं तबक सांडायला नको."

सणाच्या सकाळी सासूबाई अंगणात आल्या. एका हातात संत गेओर्गीचं गोल चित्र होतं, दुसऱ्या हातात सासऱ्यांची बूट चिकटवायची डिंकाची ट्यूब. त्यांनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण एप्रनच्या टोकाने पुसलं, त्यावर भरपूर डिंक ओतला आणि चित्र दाबून बसवलं. पांढरा घोडा, लांब भाला, खाली हिरवा राक्षसी सर्प. "आता जा," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर नाही, त्याच्यावर भरवसा आहे."

नऊ किलोमीटर फटफटी गात गेली. दहाव्याला तिने खोकून मान टाकली.

मिन्चो ट्रेलरसकट मागे येऊन थांबला. "मास्तर, पेट्रोल घातलंय का?" त्याने स्वतः झाकण उघडून आत डोकावलं, निराश होऊन पुन्हा लावलं. मी प्लग काढला, काजळी खरवडली, परत बसवला, किक मारली. चालू!

"प्लग होता," मी मोठ्याने म्हणालो. घरजावयाला अशी वाक्यं वारंवार म्हणायला मिळत नाहीत.

अठराव्या किलोमीटरला पुन्हा तेच. या वेळी समोर मध विकणारा एक म्हातारा होता. तो बरण्या सोडून उठला, कोणी न विचारता झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, वास घेतला, लावलं, आणि हातोडीच्या दांड्याने कार्बोरेटरला दोन टोले दिले.

"मार आता."

चालू!

"कार्बोरेटर," म्हातारा म्हणाला. "प्लगचं कोण गाढव म्हणालं?"

"आमचे जावईबापू," सासूबाई गाडीतून म्हणाल्या. मला एक बरणी मध घ्यावा लागला. मी तो सासूबाईंच्या मांडीवर ठेवला, कोकराशेजारी.

सव्विसाव्या किलोमीटरला, ऐन चढावर, फटफटी तिसऱ्यांदा गेली. साडेअकरा वाजले होते. मिन्चोने घाई न करता ट्रेलरची फळी खाली केली. "मास्तर, लाज कसली? बटाटेसुद्धा देवाचेच."

"हात लावू नकोस," मी म्हणालो. पण पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. प्लग स्वच्छ होता आणि हातोडी मागे राहिली होती. कारण सुचेना म्हणून सगळे करतात तेच मीही केलं, झाकण उघडलं.

स्स्स्.

बारीक आवाज होता, कोणीतरी ओठ मिटून श्वास आत ओढावा तसा. तो मी दोनदा आधीही ऐकला होता आणि दोन्ही वेळा माझं लक्ष दुसऱ्याच्या शहाणपणाकडे होतं. मी नुसती किक मारली. प्लग नाही, कार्बोरेटर नाही, काही नाही, चालू! बंद केली आणि झाकण उलटं करून पाहिलं. कडेला हवा आत यायचं बारीक भोक होतं. ते वरून बंद होतं. पेट्रोल खाली उतरत होतं, त्याची जागा घ्यायला हवा आत येत नव्हती, आणि आठ-नऊ किलोमीटरांत टाकीचा जीव गुदमरत होता. भोकावर कोण बसलं होतं हे सांगायला नको.

सांगायला नको हीच अडचण होती. मिन्चो ऐकत होता, आणि सासूबाईंना त्यांचा संत दोषी आहे असं सांगून मला घरी परतायचं होतं.

"आई, केसांतला आकडा द्या जरा."

"कशाला?"

"बारीक काम आहे."

त्यांनी आकडा दिला आणि जवळ येऊन उभ्या राहिल्या. आतल्या बाजूने टोचायचं होतं. वर तो कुठे निघेल, ते दिसत नव्हतं. घोड्याच्या पोटातून निघाला असता तरी निभावलं असतं, पण गेओर्गीच्या डोळ्यातून निघाला असता तर मी शाळेतच राहायला गेलो असतो. दात आवळून आकडा दाबला. कट्कन कागद फुटला.

मी झाकण सरळ केलं. आकड्याचं टोक सर्पाच्या जबड्यातून बाहेर आलं होतं, भाला टेकला होता अगदी तिथेच.

सासूबाईंनी वाकून पाहिलं. मी आकडा ओढून काढला आणि खिशात टाकला. मग त्या मिन्चोला म्हणाल्या, "फळी वर कर. रस्ता अडतोय."

बाराला सहा मिनिटं असताना आम्ही देवळापाशी पोचलो. कोकरं रांगेने मांडलेली, पाद्री अजून आपला झगा सारखा करत होता. शेवटच्या खड्ड्यात टाकी हिंदकळली होती; सर्पाच्या तोंडात एक थेंब चमकत होता. दोन बायका जवळ आल्या.

"अगं, लाळ गाळतोय तो!" एक म्हणाली आणि तिने छातीवर क्रूसाची खूण केली.

सासूबाईंनी तो थेंब रुमालाने टिपला, हुंगला आणि रुमाल दुमडून खिशात ठेवला.

"पेट्रोल आहे गं. गेन्चोच्या शर्टाला हाच वास असायचा." मग फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "या झाकणावर तो मला काही चिकटवू द्यायचा नाही. एकतीस वर्षं. मला वाटायचं, कम्युनिस्ट पार्टीचा माणूस, देवाचं वावडं आहे. किती भांडले मी त्याच्याशी."

त्यांनी कोकराचं तबक मिन्चोच्या हातात दिलं. "जेवण झाल्यावर हे रिकामं तबक आणि मधाची बरणी तुझ्या ट्रेलरमधून ने. रिकामा कशाला जातोस?"

"आणि तुम्ही, नेद्याल्काताई?"

त्या फटफटीच्या मागच्या सीटवरची धूळ झटकत होत्या.

"माझा आकडा द्या, जावईबापू," त्या म्हणाल्या. "उतारावर केस उडतात."